हैदराबादेतील मिरचीची बेगमी

माघ सरत आला की खम्मम, वरंगळ, महबूबाबाद या तेलंगणाच्या भागांत मिरचीचे तोडे एकामागून एक येऊ लागतात. फाल्गुनात तर शेतातील सारी खळी लाल दिसतात. तेथून निघालेली पोती काही खम्ममच्या, काही वरंगळच्या बाजारात उतरतात आणि काही हैदराबादेत मलकपेठ व बेगमबाजार येथे येतात. ज्यांच्या घरी गावाकडून धान्य येते, त्यांच्याकडे याच सुमारास मिरचीचेही एखादे पोते येऊन पडते. वाळलेली मिरची वर्षभर मिळते. तिची घाई नाही. घाई असते ती झाडावर पिकून लाल झालेल्या, अंगात अजून रस असलेल्या ओल्या मिरचीची. ती वर्षातून काही आठवडेच दिसते आणि घरात आल्यावर थोड्याच दिवसांत देठाकडून मऊ पडून बुरशी धरते. खाण्यासाठी म्हणावी तर जाळ अशी की चार माणसांच्या घरात दिवसाला दोन-तीन पुरेत. असे टोपलीभर अग्निसंचित घरात येऊन पडले म्हणजे त्याचे करावे काय, या प्रश्नाचे उत्तर या नगरीतील मराठी, कानडी, तेलुगू आणि कोंकणी घरांनी कसे शोधले, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्या पदार्थाशिवाय दक्षिण देशीचा स्वयंपाक आपल्याला कल्पिताही येत नाही, तो या भूमीत येऊन अवघी पाच शतके झाली आहेत. मिरचीची जन्मभूमी अमेरिका. मेक्सिकोतील लोक तिची सहस्रावधी वर्षे लागवड करीत होते आणि 'चिल्ली' हा शब्दही त्यांच्या नाहुआत्ल भाषेतला. कोलंबस १४९२ साली निघाला तो मिऱ्यांच्या शोधात. मिरे न मिळता त्याला हे तिखट फळ मिळाले. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले आणि त्यांच्या गलबतांतून ही वनस्पती आपल्या किनाऱ्यास लागली. मुंबईच्या बाजारात एकेकाळी तिला 'गोवाई मिरची' म्हणत, ते यामुळेच. ज्या सत्तेमुळे १५६० च्या सुमारास श्रीमंगेशास कुशस्थळीहून प्रियोळास आणि श्रीशांतादुर्गेस केळोशीहून कवळ्यास न्यावे लागले, त्याच सत्तेच्या जहाजांतून ही पाहुणी आली. देव घेऊन नदीपार गेलेल्या आपल्या पूर्वजांनी तिला मात्र परसात लावून घेतले. इतिहासात असे विरोध पुष्कळ आढळतात. त्यांचा मेळ घालीत बसण्याचे कारण नाही.

ती घाटावर केव्हा चढली याचा नेमका दाखला मिळणे कठीण आहे. १५६४ साली निवर्तलेल्या श्रीपुरंदरदासांच्या नावावर मिरचीला उद्देशून रचलेले एक पद सांगितले जाते. कोवळेपणी हिरवी, पिकल्यावर लाल अशी ही वस्तू पंगतीला रुची आणते परंतु जास्त झाल्यास घात करते, असा त्याचा आशय आहे. मात्र दासांची पदे दीर्घकाळ मुखपरंपरेने आली असल्यामुळे केवळ त्यावरून काळ ठरविणे मला धाडसाचे वाटते. उलट बाजूने, अकबराच्या काळी लिहिलेल्या आइन-ए-अकबरीत पाककृतींची सामग्री सविस्तर दिली असताना तीत मिरची नाही, मिरे आहेत. उत्तरेकडे मिरचीचा प्रसार अठराव्या शतकात मराठी फौजांबरोबर झाला, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

नावांकडे पाहिले म्हणजे या पाहुणीला आपण घरात कसे घेतले ते अधिक स्पष्ट होते. मराठी 'मिरची' हा शब्द संस्कृत 'मरीच', म्हणजे मिरे, यावरून आला. कोंकणी 'मिरसांग' म्हणजे मिऱ्याची शेंग. मशिंगसांग म्हणणाऱ्या वाचकांस ही 'सांग' ओळखीची आहेच. तेलुगू 'मिरपकाय', कानडी 'मेणसिनकायि', तमिळ 'मिळगाय', या साऱ्यांतही मिऱ्याच्या नावापुढे 'काय' म्हणजे कच्चे फळ एवढेच जोडले आहे. फार तिखट व बारीक जातीला आपण 'लवंगी' म्हणतो, तेही लवंगेवरून. म्हणजे नव्या वस्तूसाठी नवा शब्द कोणीच घडविला नाही. जुन्या मसाल्याचे नाव तिला दिले. आणि जे नावाचे झाले तेच साठवणुकीचेही झाले, हे या लेखाचे मुख्य म्हणणे आहे. मिरची नवी होती, परंतु मीठ, चिंच, लिंबू, ताक, तेल आणि ऊन यांच्या साहाय्याने नाशवंत वस्तू राखण्याची विद्या या भागात तिच्या कितीतरी आधीची होती.

याचा पुरावा हैदराबादेपासून फार दूर नाही. नगराच्या वायव्येस बीदर जिल्ह्यात बसवकल्याण म्हणून जे गाव आहे, ती चालुक्यांची कल्याणी. तेथे तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध झाला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात मिरे, हिंग, मोहरी, आले, आंबट रस आणि ताक यांचा उपयोग पानोपानी दिसतो. मिरचीचा मागमूसही नाही, आणि तरीही तो स्वयंपाक आपल्याला परका वाटत नाही. कै. के. टी. अच्चय यांनी भारतीय अन्नाच्या इतिहासावर मोठे काम केले आहे. हे गृहस्थ मूळचे तेलशास्त्रज्ञ, आणि हैदराबादेच्याच प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत दीर्घकाळ होते. गुरुलिंग देशिकाच्या १५९४ मधील कानडी लिंगपुराणात पन्नासांहून कमी नाहीत इतकी लोणची सांगितली आहेत, अशी नोंद त्यांनी केली आहे. ज्या प्रांतात लोणच्यांची संख्या पन्नासांवर गेली होती, तेथे आणखी एक फळ मुरवायला शिकणे काय कठीण?

आता प्रत्यक्ष बरणीकडे वळू. जुने हैदराबाद संस्थान हे तीन भाषांचे होते. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे मराठी, बीदर, गुलबर्गा आणि रायचूर हे तीन कानडी, आणि उरलेला भाग तेलुगू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी या संस्थानाचे त्रिभाजन झाले. दप्तरे वाटली गेली, सीमा ठरल्या. परंतु पिकलेल्या लाल मिरचीची बरणी तिन्ही बाजूंना जशीच्या तशी राहिली. मराठवाड्यात, सोलापुराकडे आणि गुलबर्ग्याच्या कानडी घरांत तिला 'रंजका' म्हणतात. तेलंगणात आणि आंध्रात ती 'पंडु मिरपकाय पच्चडि', म्हणजे पिकल्या मिरचीची चटणी. आणि तिचेच एक बोलके नाव 'कोरिवि कारम्'. 'कोरिवि' म्हणजे जळते कोलीत आणि 'कारम्' म्हणजे तिखट. आपल्या 'रंजक' शब्दाचा एक अर्थ बंदुकीच्या कानात बार उडविण्यासाठी घालीत ती दारू. रंजक म्हणजे रंग देणारे असाही अर्थ होतो, आणि कोणी त्यावरून व्युत्पत्ती लावील तर त्यास हरकत घेता येणार नाही. पण ज्यांनी हा पदार्थ एकदा जिभेवर ठेवला आहे ते दारूच्याच बाजूने कौल देतील. शेजारच्या दोन भाषांना एकाच बरणीत एकीला कोलीत आणि दुसरीला बंदुकीची दारू दिसावी, हे मोठे मौजेचे आहे.

करण्याची रीत दोन्हीकडे थोड्या फरकाने एकच. मिरची ताजी, जाड सालीची, पूर्ण लाल, परंतु सुरकुतू न लागलेली निवडावी. देठासह धुवावी, फडक्याने पुसून सावलीत पसरावी आणि अंगचे पाणी पूर्ण सुकल्यावरच देठ काढावे. देठ आधी काढले तर पाणी आत शिरते आणि पुढे सारी बरणी नासते. ही एवढीशी गोष्ट न पाळल्यामुळे जितक्या बरण्या फुकट गेल्या असतील तितक्या दुसऱ्या कशाने गेल्या नसतील. मग उखळात मिठाबरोबर कुटावी. तेलंगणाच्या रीतीत एक किलो मिरचीस पाव किलोच्या आसपास नवी, चिंचोके व शिरा काढलेली चिंच आणि जवळजवळ तितकेच मीठ घालतात. थोडी हळद असते. हा गोळा चिनीमातीच्या बरणीत दडपून तीन दिवस ठेवतात. चिंच मिरचीच्या रसात भिजून मऊ होते. मग सारे पुन्हा बाहेर काढून बारीक वाटतात, भाजलेल्या मेथीची पूड मिसळतात आणि कायमचे भरून ठेवतात. रंजक्यात चिंचेऐवजी बहुधा लिंबाचा रस असतो. मेथी व हिंग तेलात तळून कुटून घालतात आणि वरून कच्च्या किंवा गार केलेल्या फोडणीच्या तेलाचा थर देतात. तेलुगू घरांत फोडणीला लसूण असते. आपल्याकडे लसूण न खाणारी घरे हिंगावर भागवतात, आणि माझ्या मते मेथीशी हिंगाचीच संगत अधिक चांगली जमते.

यामागील कारण शास्त्राला आज नीट सांगता येते. एवढे मीठ पडले म्हणजे मिरचीच्या अंगातील पाणी बाहेर ओढले जाते आणि कुजविणाऱ्या जंतूंना उपजीविका उरत नाही. खारटपणा सोसणारे, दही लावणाऱ्या जंतूंच्या जातीचे, तेवढे टिकतात. ते आंबटपणा वाढवितात आणि चिंच-लिंबू त्यांना हात देतात. तेल वरून हवा तोडते. म्हणून मीठ घालताना हात आखडू नये, असे घरची वृद्ध मंडळी बजावतात ते उगीच नव्हे. सगळ्या बरणीला एकदम फोडणी देत नाहीत, यातही शहाणपण आहे. आठवड्यापुरता वाडगाभर काढावा, त्यालाच फोडणी द्यावी आणि मूळ बरणीचे तोंड पुन्हा फडक्याने बांधावे. ओला चमचा त्यात जाऊ नये हे सांगावयास नकोच.

तिखटपणाचेही एक गमक आहे. मिरचीचा जाळ ज्या द्रव्यामुळे होतो, ते कॅप्सेसिन मुख्यतः बियांत नसून बिया ज्यास चिकटलेल्या असतात त्या पांढुरक्या गाभ्यात असते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण तेलातुपात आणि दुधातील स्निग्धांशात विरघळते. म्हणून कुटणाऱ्या बाईचे हात पाण्याने कितीही धुतले तरी भगभग शमत नाही. आधी खोबरेल चोळावे, मग साबणाने धुवावे. कोरिवि कारम् गरम भातावर भरपूर तुपाबरोबर वाढतात त्याचे कारणही हेच. मिरच्यांचे सालन हा हैदराबादी प्रकार ज्या तीळ, शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याच्या दाट वाटणात शिजवितात, त्याचेही रहस्य तेलच. त्यात मुद्दाम लांब व सौम्य मिरची घेतात, हे खरे. पण लाल होण्यापूर्वीचा हिरवा माल संपविण्याची ती एक राजस युक्ती आहे.

आपल्या कोंकणी घरांचा प्रश्न थोडा निराळा. गोवा, कारवार, मंगळूर या बाजूंहून हैदराबादेस आलेल्या घरांना ब्याडगीची सवय. ब्याडगी रंगाला गडद आणि तिखटाला बेताची. खोबऱ्याच्या वाटणात आठ-दहा घातल्या तरी जीभ पोळत नाही. गोव्यातील काणकोणची खोला मिरची व पेडण्याची हरमल मिरची यांचीही ख्याती आहे; खोल्याच्या मिरचीस २०१९ मध्ये आणि हरमलच्या मिरचीस २०२१ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. तेलंगणाचा माल मुख्यतः 'तेजा' जातीचा, बारीक आणि अत्यंत जहाल. घरच्या जुन्या मापाने तो वाटणात घातला तर ताटावरून उठण्याचीच पाळी येते. त्यामुळे भेट आलेली तेजा मिरची अशा घरांत पडून राहते. यावर तोड एवढीच की रंगासाठी ब्याडगी घ्यावी आणि तिखटासाठी तेजाची एखादी-दुसरी. बाकीचीला बरणी किंवा ऊन दाखवावे.

आणि ऊन हे या नगरीचे मोठेच दान आहे. समुद्रकाठी चैत्र-वैशाखातही हवा दमट. गोव्यात पावसाळ्याची पुरुमेंत भरताना मिरची पुन:पुन्हा अंगणात घालावी लागते. वळीव कधी येईल याचा भरवसा नसतो. 'पुरुमेंत' हा शब्द बेगमी या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आलेला, म्हणजे मिरचीबरोबर तिच्या साठवणीचे नावही तिकडून आले म्हणावयाचे. मिरची नीट न वाळता पोत्यात गेली तर तिला बुरशी लागते आणि त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष उत्पन्न होते, जे कुटल्याने किंवा तळल्याने जात नाही. हैदराबादेच्या कोरड्या उन्हात हे भय कमी. ताकातल्या मिरच्या, ज्यांना तेलुगू शेजारी 'चल्ल मिरपकायलु' म्हणतात आणि आपण सांडगी मिरची म्हणतो, त्या येथे उत्तम साधतात. हिरव्या मिरचीस उभी चीर द्यावी, आंबट व खारट ताकात रात्रभर बुडवावी, दिवसा गच्चीवर वाळवावी, रात्री पुन्हा त्याच ताकात घालावी. ताक संपेपर्यंत व मिरची पांढुरकी होईपर्यंत असे चार-पाच दिवस चालते. पुढे वर्षभर हवी तेव्हा तळून दहीभाताशी घ्यावी. जाळ बराच उतरतो, आंबटपणा राहतो.

देवघराने मात्र या पाहुणीस अर्धवटच प्रवेश दिला आहे. श्रीजगन्नाथपुरीच्या महाप्रसादाच्या पाकशाळेत मिरची वर्ज्य आहे. तेथे तिखटास मिरेच चालतात. आपल्याकडेही अनेक घरी श्राद्धाच्या स्वयंपाकात मिरची न घालता मिरे घालतात. पितरांना त्यांच्या काळचेच अन्न द्यावे, असा काहीसा भाव त्यामागे असावा. उलट, दृष्ट काढण्यास मीठ-मोहऱ्यांबरोबर सुक्या मिरच्या हव्यातच आणि दुकानाच्या दारास लिंबू-मिरची. त्याहून मौजेची गोष्ट उपवासाची. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद अमेरिकेचा, बटाटा तिकडचा, शेंगदाणा तिकडचा आणि मिरचीही तिकडचीच! एकादशीच्या खिचडीत तूप, जिरे आणि मीठ वगळले तर बाकी सारे समुद्रापलीकडून आलेले. श्राद्धात नको आणि उपवासाला चालते, ही व्यवस्था कोणी केली हे कोणी सांगू शकणार नाही. पण तीवरून आचारधर्म बाहेरच्या वस्तूला स्थान कसे देतो, हे कळते: एकदम नाही, सगळीकडे नाही, दाराशी आधी आणि गाभाऱ्यात शेवटी.

घरच्या बरणीचे कौतुक करताना खळ्यावरील शेतकऱ्याचा विसर पडता कामा नये. एका घरी टोपलीभर मिरची वाढली तर ती बरणीत जाते. एका प्रांतात वाढली तर काय होते, हे २०१७ साली दिसून आले. आदल्या वर्षी क्विंटलला दहा-बारा हजार रुपयांपर्यंत भाव गेला होता. ते पाहून तेलंगणात व आंध्रात पुष्कळांनी मिरची लावली, पीकही भरघोस आले, आणि भाव तीन हजारांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली कोसळला. तोडणीच्या मजुरीलाच जेथे मोठी रक्कम लागते, तेथे या भावात घरी नेण्यासारखे काही उरत नव्हते. २८ एप्रिल रोजी खम्ममच्या बाजार-आवारात संतप्त शेतकऱ्यांचा उद्रेक होऊन नासधूस झाली. पुढे मे महिन्यात दहा शेतकऱ्यांना हातकड्या घालून न्यायालयात आणले गेले, तेव्हा सगळीकडून धिक्कार झाला. केंद्र सरकारने क्विंटलला ५,००० रुपये या दराने आंध्रातून ८८,३०० टन आणि तेलंगणातून ३३,७०० टन मिरची घेण्याची योजना जाहीर केली. तोवर बहुतेक लहान शेतकऱ्यांनी मिळेल त्या भावाने माल देऊन टाकला होता.

मोठ्या प्रमाणावरील साठवणुकीसाठी आज शीतगृहे आहेत. त्यांत वाळलेली मिरची रंग न उतरता कित्येक महिने राहते. तेजासारख्या जहाल जातीतून अर्क काढण्याचे कारखाने आहेत आणि तो अर्क परदेशी जातो. ही साधने चांगलीच आहेत. पण शीतगृहात जागा मिळणे, तिचे भाडे परवडणे आणि भाव चढेपर्यंत सावकाराला थांबवून धरणे ही ज्याला जमतात, त्याच्याच ती उपयोगाची. ज्याला पुढल्याच आठवड्यात खताचे देणे फेडावयाचे आहे, त्याच्यासाठी नव्हे. घरच्या बरणीने हा प्रश्न सुटत नाही आणि तसे कोणी म्हणूही नये. तथापि तेलंगणाच्या खेड्यांतून महिलांचे गट पिकल्या मिरचीच्या पच्चडीच्या बरण्या भरून विकतात, तेथे शेतावर सडून जाणाऱ्या ओल्या मालाला थोडी तरी किंमत येते. आणि हा ओला माल कोणतेही शीतगृह फार दिवस राखू शकत नाही.

काचीगुडा, सुलतान बाजार, गौळीगुडा या भागांत जी जुनी मराठी वस्ती आहे, तेथील जुन्या घरांतून रंजक्याची बरणी फाल्गुनात भरण्याची चाल होती. आता बाजारात तयार पच्चडी मिळते. तिच्यात मीठ कमी आणि टिकविण्यासाठी घातलेली आम्ले अधिक असतात, त्यामुळे मेथीचा कडवटपणा मुरून जो गोडवा येतो तो तीत उतरत नाही. ज्यांना घरी करावयाची आहे त्यांनी शिवरात्र उलटताच ओल्या लाल मिरचीवर नजर ठेवावी. होळीनंतर बाजारात येते ती बहुधा सुरकुतलेली असते. तिची सरळ पूड करावी हे उत्तम.